अक्काच्या घरी जायचा रस्ता

माझ्या नवऱ्यानं आणि थोरल्या दिरांनी प्लॉट घेताना अंतर हाक मारून मोजलं. एकानं एका प्लॉटवर उभं राहायचं, दुसऱ्यानं दुसऱ्यावर, आणि तिथून ओरडायचं. हाक ऐकू आली, उलटी हाकही आली, आणि दोघं भाऊ खूश झाले. घरी येताना दोन्हीकडचा इसार देऊनच आले. "घरं दोन झाली तरी एकच घर हाय असं समजा," असं दीर आम्हा दोघी जावांना म्हणाले. जायचा रस्ता कुठून आहे, हे त्यांनी कुणालाच विचारलं नव्हतं. त्यांना तो समोर दिसत होता.

दिसत होती ती पायवाट होती. दोन प्लॉटच्या मध्ये ज्वारी काढून झालेलं रान होतं. आमच्याकडं कणसं खुडून कडबा बांधून झाला की रान मोकळं होतं, आणि मोकळ्या रानातून कुणी आडवं चालत गेलं तर त्याला हटकत नाहीत. दोघं भाऊ त्या रानातून ढेकळं तुडवत, गप्पा मारत गेले आणि तसेच परत आले. जन्म शहरातल्या दाट पेठेत गेलेला. मधलं रान तिसऱ्याच कुणाचं आहे, आपला प्लॉट एका लेआउटमध्ये आहे आणि भावाचा दुसऱ्याच, हे त्यांच्या डोक्यात यावं तरी कुठून?

एकाच लेआउटमध्ये शेजारीशेजारी का घेतले नाहीत, हे मी तेव्हाच विचारलं होतं. कोपऱ्यावरचा गेला होता, मधला दक्षिणेकडं तोंड असलेला होता, आणि एजंटानं दोन्ही लेआउटचे कागद टेबलावर कडेला कड लावून ठेवले होते. "हे बघा साहेब, पाठीला पाठ." कागदाच्या कडा अशा जुळवल्या तर मधलं रान राहतंच कुठं! मी शाळेत पंचवीस-तीस वर्षं भूगोल शिकवला. नकाशा कसा वाचायचा, दिशा कशी बघायची, हे अख्ख्या पेठेच्या पोरांना शिकवलं. पण घर घ्यायच्या वेळी नकाशा मला दाखवावा, असं घरातल्या एकालाही वाटलं नाही. मला दाखवला तो थेट खरेदीच्या दिवशी, पेढ्याबरोबर.

शुक्रवार पेठेतल्या माणसाला रस्ता विचारायची सवयच नसते, हे मात्र मला मान्य आहे. तिथं कुठलीही बोळ कुठल्या ना कुठल्या दुसऱ्या बोळात निघते. आमच्या घराला पुढचं दार होतं, मागचं होतं, आणि मोरीच्या बाजूनं एक तिसरं होतं, ते तेलुगू बोलणाऱ्या शेजाऱ्यांच्या अंगणात उघडायचं. बाजारात घाईनं जायचं असलं की मी त्यांच्या अंगणातून, वाळत घातलेल्या सुताच्या कडेकडेनं, पलीकडच्या गल्लीत निघायची. त्यांची सून स्वयंपाकघरातून "काय बाई, शाळंला का?" म्हणायची आणि उत्तराची वाट बघायची नाही. एक बोळ खड्ड्यामुळं बंद झाली तर दुसरी, ती लग्नाच्या मांडवानं अडली तर तिसरी. एक अक्कल त्या पेठेत होती. माणूस अडकून पडत नसे.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. माहेर अक्कलकोट तालुक्यातलं, घरात कानडी. चिडली की "यव्वा" म्हणून सुरू होते आणि मग मराठीत सापडत नाहीत ते शब्द कानडीत घेते. मी सून होऊन आले तेव्हा तिनं मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "तू साळंत शिकिव, हितं शिकवू नको." त्यानंतर सगळी वर्षं एका स्वयंपाकघरात काढली आणि एकही दिवस असा गेला नाही की आमचं कशावरून तरी वाजलं नाही. शेंगा जास्त भाजल्या, चटणीत लसूण कमी पडला, भाकरीचं पीठ सैल झालं. अबोलाही व्हायचा. पण तो संध्याकाळपर्यंतच टिकायचा, कारण भाकरी थापायची तिनं आणि भाजायची मी, अशी वाटणी होती, आणि न बोलता ते काम होत नाही.

पेठेतलं घर विकून आम्ही बाहेर पडलो तेव्हा, खरं सांगते, मला आनंद झाला होता. माझा ओटा, माझा डबा, माझी चटणी. अक्कालाही झाला होता, तिनं तो लपवलाही नाही. "आता तुझं तू, माझं मी," असं म्हणाली. आणि राहायला गेल्यावर चौथ्या की पाचव्या सकाळी मी मागच्या बाजूला कपडे वाळत घालत होते, तर समोर रानातून पदर खोचून ही येताना दिसली. हातात परात, परातीत पीठ. "एकटीच्यानं थापाय बरं वाटंना," एवढंच म्हणाली आणि सरळ माझ्या स्वयंपाकघरात शिरली. तेव्हापासून रोज. कधी ती इकडं, कधी मी तिकडं.

मधलं रान एका धनगर कुटुंबाचं होतं. त्यांची मेंढरं होती, थोड्या शेळ्या होत्या, एक पत्र्याचं घर होतं. घरातली बाई आमच्यापेक्षा वयानं जरा मोठी, म्हणून मी तिला मावशी म्हणायची. पहिल्यांदा मी संकोचून विचारलं होतं, तुमच्या रानातून आम्ही येतो-जातो, चालतंय ना? तिला प्रश्नच विचित्र वाटला. "जावा की ताई, वाट काय झिजतीया व्हय? फकस्त गेल्यावर काटी वढून घ्या, मेंढरं निगत्यात." दोन्ही बाजूंना काट्यांचं कुंपण होतं आणि त्यात माणूस जाईल एवढी फट. बाभळीची फांदी बाजूला करायची, आत जायचं, परत ओढून घ्यायची. पेरणी झाल्यावर वाट बांधावरून जायची, काढणी झाल्यावर सरळ रानातून. माझा नवरा म्हणायचा, वहिनींच्या घरचा रस्ता हंगामाप्रमाणं बदलतो.

मोठ्या रस्त्यानं जायची वेळ आमच्यावर क्वचित यायची, आणि आली की सगळा दिवस त्यात जायचा. इथल्या प्रत्येक कॉलनीचा एकच नमुना. अक्कलकोट रोडवर कमान, कमानीतून आत एक सरळ रस्ता, त्याला डावी-उजवीकडं फाटे, आणि प्रत्येक फाटा भिंतीला नाहीतर कुंपणाला जाऊन थांबलेला. केसांत अडकवायच्या फण्या एकीशेजारी एक ठेवाव्यात, तशा या कॉलन्या. एकीचे दात दुसरीला कधी लागत नाहीत. पूर्वी गाव वाढायचं ते बोळीला बोळ फुटून वाढायचं. आता शेत विकलं गेलं की कॉलनी होते, शेजारचं विकलं गेलं की दुसरी, आणि शेतांच्या बांधावर जुनी भांडणं असतात तशी कॉलन्यांच्या भिंतीवर नवी. आमचा प्लॉट फणीच्या अगदी टोकाला, अक्काचाही तिच्या फणीच्या टोकाला. म्हणजे रस्त्यानं जायचं तर आधी तिच्याकडं पाठ करून अख्खी कॉलनी चालत हायवेला यायचं, ट्रकच्या धुळीतून कुंभारीच्या दिशेनं जायचं, फरशीचं दुकान आणि मंगल कार्यालय मागं टाकायचं, मग तिच्या कमानीतून आत शिरून पुन्हा तेवढंच चालायचं. रिक्षावाला आत येत नाही, "परतीचं भाडं मिळत न्हाय" म्हणतो. आणि येताना तर डिव्हायडरमुळं रिक्षाला पार लांब जाऊन वळावं लागतं, नाहीतर उलट्या बाजूनं यावं लागतं. बहुतेक जण उलट्या बाजूनंच येतात.

कुरिअरवाल्या पोरांची तर मला कीव यायची. अक्काचा मुलगा पुण्यात असतो, तो आईला काही ना काही पाठवायचा. मोबाइलमधला नकाशा त्या पोराला नेमका आमच्या कुंपणाशी आणून सोडायचा. "मॅडम, लोकेशन तर समोरच दाखवतंय." समोरच आहे बाळा, मी म्हणायची, आण इकडं, मीच देते. अक्काची औषधं, अक्काचा चष्मा, अक्काचा गुडघ्याचा पट्टा, सगळं आधी माझ्याकडं यायचं.

दीर गेले ते घर बांधल्यावर दोन-तीन वर्षांनी. अचानक गेले. त्यानंतर मुलगा आईला पुण्याला न्यायच्या मागं लागला, आणि त्यात त्याचं काही चूक नव्हतं. एकुलता एक मुलगा, आई शहराच्या कडेला एकटी, गुडघे दुखतात, एका डोळ्याला नीट दिसत नाही. तिनं त्याला माझ्यासमोर सांगितलं, "मी हितं एकटी कुटं हाय? धाकटी येती की रोज. तिचं येनं बंद झालं की ने मला." तो माझ्याकडं बघून म्हणाला, "काकू, तुमच्या भरवशावर ठेवतोय." मला ते ऐकून बरं वाटलं आणि भीतीही वाटली. भरवसा माझ्या एकटीवर नव्हता. तो त्या दोन काट्यांच्या फांद्यांवर होता, हे त्याला माहीत नव्हतं.

मग रान विकलं गेलं. मावशी स्वतः सांगायला आली, पायरीवर बसली, पाणी प्याली. दोन्ही मुलं चिंचोळी एमआयडीसीत कामाला लागलेली, बारक्याला तिकडंच खोली घेऊन दिलेली. मेंढरांमागं जायला घरात कुणी उरलं नव्हतं आणि चरायला रान तरी कुठं उरलं होतं? सगळीकडं प्लॉट पाडायच्या फक्कीच्या पांढऱ्या रेघा. "रान दिलं बगा ताई," ती म्हणाली. "वाटंचं म्या घेनाऱ्याला सांगितलंय. बाया जात्यात, त्येस्नी आडवू नगं म्हनलं. त्यो व्हय व्हय म्हनला." ती गेल्यावर माझा नवरा म्हणाला, व्हय दोनदा म्हणाला म्हणजे अवघड आहे.

तरी पुढचे काही महिने आम्ही गेलो-आलो. जेसीबीनं काटे काढले, त्यामुळं उलट वाट सोपी झाली. रेघा मारलेल्या होत्या, हद्दीचे दगड रोवलेले होते. अक्का दगड चुकवत यायची आणि दारात आल्यावर सांगायची, "आत्ता कुनाच्या तर न्हानीतनं आले बग." आम्ही लोकांच्या न झालेल्या हॉलमधून, देवघरातून परात घेऊन जात होतो. मला तेव्हा वाटत होतं की रस्ता होणारच. तीन कॉलन्या ओळीनं आहेत, आमचा रस्ता या टोकाला येऊन थांबतो, अक्काचा त्या टोकाला. मधल्यानं आपला रस्ता दोन्हीकडं नेऊन भिडवला की झालं. शाळेतल्या पोरानंही तेच काढलं असतं.

नव्या प्लॉटिंगच्या ऑफिसात मी गेले, नवऱ्याला बरोबर घेऊन. तो मालक तरुण होता, बोलायला चांगला. उठून उभा राहिला, थंड पाणी मागवलं. भिंतीवर रंगीत नकाशा होता. रस्ते सगळे आत वळलेले, चारी बाजूंनी कंपाउंड. मी बोट ठेवून म्हटलं, हा रस्ता इथं का थांबवला? दोन पावलं पुढं नेला तर आमचा आहे.

"मॅडम, गिऱ्हाइकाला तेच नको असतंय," तो म्हणाला. "येनारा-जानारा रस्ता म्हनलं की प्लॉट घेत न्हाईत. बंद गल्लीतले प्लॉट आधी जातात."

"आणि त्या गल्लीतल्या माणसानं शेजारी कसं जायचं?"

"शेजारी कशाला जातील मॅडम? ज्याला जायचंय त्याच्याकडं गाडी असती."

मला संताप आला. पण त्यानं खोटं काहीच सांगितलं नव्हतं, म्हणून तो कुणावर काढावा हे कळेना. नवऱ्यानं मऊ आवाजात सगळं समजावून सांगितलं, वहिनी एकट्या असतात, रोजचं येणं-जाणं आहे. मालक ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, रस्ता जमणार नाही, पण दोन्ही बाजूंना माणूस जाईल एवढं छोटं गेट ठेवतो. माझी हरकत नाही. फक्त तुमच्या दोन्ही कॉलन्यांनी तसं कळवावं, उद्या कुणाकडं चोरी झाली तर माझ्या नावानं ओरड नको.

अक्काच्या कॉलनीत एका दिवसात काम झालं. तिथं अजून घरंच थोडी, आणि जी आहेत त्यातल्या बायका अक्काच्या चटणीच्या मिंध्या. आमच्या कॉलनीची बैठक मारुतीच्या देवळापुढं बसली. मी उभी राहिले, सांगितलं. सुरुवातीला सगळे मान हलवत होते. मग एक जण म्हणाले, भिंत होतीय ते बरंच आहे की, आपल्याला खर्च न करता मागची बाजू बंद होतीय. दुसरे म्हणाले, गेट ठेवलं की मोटरसायकली सुरू होतील. तिसऱ्या बाई, ज्यांच्याकडं मी स्वतः दिवाळीला फराळाचं ताट दिलं होतं, त्या म्हणाल्या, "बाई, एकदा वाट उघडली की कुणीही येतंय बघा."

"कुणीही म्हणजे माझी जाऊ येते," मी म्हटलं. "परात घेऊन."

लोक हसले. मीही हसले असते, पण माझा आवाज फुटला होता. मग ठरलं की सध्या राहू दे, पुढं गरज वाटली तर बघू. सगळी चांगली माणसं. अडीअडचणीला धावून येणारी, माझ्या नवऱ्याला दम लागला होता तेव्हा गाडी काढून दवाखान्यात नेणारी. गावातल्या दाटीतून सुटून इथं आलेली. कुणी येऊ नये म्हणूनच तर त्यांनी इथं घर बांधलं होतं. मला त्यांचा राग आला, आजही येतो, आणि भेटल्यावर त्यांच्याशी बोलताना तो कुठं ठेवावा हे समजत नाही.

भिंत पटापट झाली. आधी आमच्या बाजूची, मग तिकडची. आमच्या बाजूचे शेवटचे काही थर रचायचे होते तोवर अक्का त्यावरून परात पलीकडून अलीकडं द्यायची आणि मी भाजून भाकरी परत द्यायची. गवंड्यांना मजा वाटायची. एकानं तर सिमेंटचं घमेलं बाजूला ठेवून भाकरी नेऊन पोचवली. मग भिंत डोक्याच्या वर गेली.

मी स्कूटर काढली. पेठेत चालवत होते, पण हायवेवर ट्रक शेजारून गेला की हँडल हातात राहत नाही. जायला बरं, येताना डिव्हायडर. एकदा उलट्या बाजूनं आले, आणि समोरून ऊस भरलेली ट्रॉली आली तेव्हा गटारीच्या कडेला उतरून उभी राहिले. नवऱ्यानं किल्ली काढून घेतली. तो दिवसाआड सोडायचा मला, पण त्याचंही वय झालंय, आणि दिवसाआड म्हणता म्हणता आठवड्यातून दोनदा झालं. फोनवर बोलायचो रोज. अक्काला फोनवर बोलता येत नाही. "हं, बोल," म्हणते आणि गप्प बसते. आमचं बोलणं सगळं हातात काम असताना झालेलं. नुसतं बोलायचं कसं, ते दोघींनाही येत नव्हतं.

नागपंचमीच्या दिवशी ती एकटी निघाली. पुरणाची दिंडं केली होती, मला गरम द्यायची होती. मला कळवलं नाही, कळवलं असतं तर मी येऊ दिलं नसतं. दुपारची वेळ. तिच्या कॉलनीतून ती हायवेला आली, ट्रकच्या बाजूनं चालत राहिली आणि पहिली कमान आली तशी आत वळली. कमान आमची नव्हती, मधल्या नव्या प्लॉटिंगची होती. सगळ्या कमानी सारख्या, सगळ्या पिवळ्या. आत गेली तर रस्ताही तसाच, फाटेही तसेच, फक्त घरं नाहीत. ती घर शोधत शेवटपर्यंत गेली. आणि तिथं तिला आमच्या गच्चीवरची टाकी दिसली, मी वाळत घातलेली चादर दिसली. भिंतीच्या कडेनं ती फाटा शोधत राहिली. एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत, परत मागं, परत भिंत. पेठेतल्या पायांना पटेना की समोर दिसणाऱ्या घराला जायला कुठूनच बोळ नाही.

तिथल्या वॉचमननं मला फोन केला. तिच्या मोबाइलवर शेवटचा नंबर माझा होता. आम्ही गाडी करून गेलो तेव्हा ती एका हद्दीच्या दगडावर बसली होती. मांडीवर डबा, चपलेचा अंगठा तुटलेला, तोंड उन्हानं लाल. मला बघून म्हणाली, "कुटं राहतीस गं तू? घावंनाच." ती हसायला बघत होती. मी तिथंच तिच्या शेजारी खाली बसले आणि रडले, वॉचमन समोर होता तरी. दिंडं गार झाली होती. ती आम्ही तिथंच खाल्ली, वॉचमनला दिली.

मुलाला कळायचं ते कळलंच. त्यानं आरडाओरडा केला नाही, तसा तो शांत आहे. म्हणाला, "आई, तूच म्हणाली होतीस. येणं-जाणं बंद झालं की ने." शनिवारी गाडी घेऊन येतो म्हणाला. अक्कानं भांडण केलं नाही. हे मला सगळ्यात वाईट वाटलं. जिनं आयुष्यात मिठावरून हार मानली नाही, ती गुपचूप साड्यांच्या घड्या घालायला लागली. मी गेले तर म्हणाली, "लोनच्याची बरनी तू ने. तितं पोरं खात न्हाईत."

घरी आले. नवरा पेपर वाचत होता. मी माझ्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. ओटा माझ्या उंचीचा करून घेतला होता, मिस्त्रीशी वाद घालून. खिडकी पूर्वेला. मसाल्याचे डबे मला हवे तसे, आणि गेली पाच-सहा वर्षं त्यांना कुणी हात लावून जागा बदलली नव्हती. मला ते घर आवडतं. हे मुद्दाम लिहिते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल मी फार मोठ्या मनाची. तसं काही नाही. मी बराच वेळ तिथं उभी होते आणि त्या ओट्यावरून हात फिरवत होते. मग बाहेर येऊन नवऱ्याला म्हटलं, "अहो, आपण हे घर भाड्यानं देऊ. एमआयडीसीतले इंजिनिअर विचारतात की."

त्यानं पेपर खाली केला. "आणि आपण?"

"वहिनींकडं."

तीस वर्षं रोज संध्याकाळी त्यानं आमची दोघींची भांडणं मिटवली होती. घर वेगळं झालं तेव्हा सगळ्यात जास्त सुटका झाली असेल तर त्याची. तो म्हणाला, "तुम्ही दोघी माझा जीव खाणार." मग चष्मा काढून पुसत बसला. "वरची खोली रिकामी आहे वहिनींकडं," असंही थोड्या वेळानं म्हणाला. भाऊ गेल्यापासून तो त्या घरात फार वेळ बसत नसे. मला ते माहीत होतं, आणि तरी मी मागितलं, आणि त्यानं दिलं.

शुक्रवारी आम्ही टेम्पोत गाद्या, दोन पेट्या आणि माझे डबे घातले आणि हायवेनं गेलो. अक्का दारात उभी होती. तिच्या मागं भरलेली बॅग.

"हे काय?"

"राहायला आलोय," मी म्हटलं.

"यव्वा!" ती म्हणाली. मग टेम्पोकडं बघितलं, डब्यांकडं बघितलं. "नगं बाई. चार दिस बरं वाटंल. मग परत तेच. रोजची भांडनं."

"होऊ देत. भांडायला समोर तरी असशील."

तिनं पदरानं नाक पुसलं, टेम्पोवाल्याला "गादी दाराला घासतीया, नीट धर की" म्हणून ओरडली, आणि मग बॅगेच्या शेजारी पायरीवर बसून मुलाला फोन लावला. तो गाडीत असावा, ऐकू नीट येत नव्हतं, म्हणून ती मोठ्यानं बोलत होती.

"उद्या येऊ नगंस," ती म्हणाली. "आरं, न्हाय रे, काय झालं न्हाय. तिचा रस्ता बंद झालाय ना, म्हनून धाकटी हितंच ऱ्हायला आलीया."